गुहेत जादा सिलिंडर: प्रशिक्षण हवंच का?

प्रश्न: गोव्यातल्या ग्रांडे बेटाजवळ मी नियमित डायव्हिंग करतो. आता मेक्सिकोतल्या पाण्याखालच्या गुहांचा कोर्स करतोय. तिथे जादा सिलिंडर न्यायला वेगळं प्रशिक्षण लागतं का? की सराव पुरे? (एक वाचक, वास्को)

उत्तर: लागतं, आणि तेही गुहेचा पूर्ण कोर्स संपल्यावरच. ग्रांडेला काही बिघडलं तर सरळ वर येता येतं. गुहेत डोक्यावर खडक असतो.

खरी अडचण सिलिंडर उचलण्याची नाही, हिशेबाची आहे. २१० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) भरलेल्या जादा सिलिंडरमधले ७० बार आत जाताना वापरायचे आणि १४० बारवर तो मार्गदोरीला, म्हणजे बाहेरची वाट दाखवणाऱ्या दोरीला, परतीसाठी अडकवून ठेवायचा. व्हॉल्व्ह बंद करा, पण होजमधला (नळीतला) दाब राहू द्या. दाब गेला तर रेग्युलेटरमध्ये, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या उपकरणात, पाणी शिरतं. परतताना तो सापडलाच नाही तरी बाहेर पडता येईल इतका गॅस पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवाच. ही अट कधीही सोडू नका.

सर्वांत घातक चूक म्हणजे चुकीचा रेग्युलेटर तोंडात घेणं. एखाद्या सिलिंडरमध्ये ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण असेल, तर ते साधारण २१ मीटर खोलीपर्यंतच चालतं. ३० मीटरवर ते घेतलं तर आकडी येऊन माणूस बुडू शकतो. म्हणून सिलिंडरवर कमाल खोली मोठ्या अंकांत लिहा, आणि बदलताना होज हाताने व्हॉल्व्हपर्यंत चाचपा, जोडीदाराला दाखवा.

अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगू लागतो, तोल जातो आणि गाळ उठतो. गोव्यात सिलिंडर अडकवून पोहण्याचा सराव जरूर करा; गुहेत मात्र प्रशिक्षकासोबतच न्या.