कारण सापडंना, मग गोळ्या कशाच्या?

परभणीकडच्या एका ताईंच्या मालकांनी फाइल माझ्या टेबलावर जवळजवळ आदळलीच. "थायरॉइड झालं, एचआयव्ही झालं, सोनोग्राफी झाली. समदं नॉर्मल. कारण सापडंना, मग गोळ्या कशाच्या देऊ लालेत? पैसे पाण्यात गेले की मॅडम!"

ताई चाळिशीच्या आतल्या. खुरपायला बसलं की उठताना जावेचा हात लागायचा. वेणी घालायला हात वर जाईना. पापण्यांवर जांभळट सूज, बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे. गावात दोनच तर्क होते, करणी नाहीतर फवारणी. डॉक्टरांनी नाव सांगितलं डर्मॅटोमायोसायटिस. यात प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते.

मी म्हटलं, "भाऊ, समदं नॉर्मल कुठंय? हा सीपीके बघा, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, हजारांत गेलाय. म्हणजे स्नायू झिजतायत. बाकीच्या तपासण्या चोर धरायला नव्हत्या, निरपराध लोक बाजूला काढायला होत्या."

आपल्याकडं स्नायू दुखायला, सुजायला निमित्तं काय कमी आहेत? चिकुनगुनिया, डेंग्यू, मंदावलेलं थायरॉइड, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यासुद्धा. उष्ण प्रदेशात स्नायूत पू होण्याचा आजारही जास्त दिसतो. तो ओळखला नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड नुसतं दिलं, तर जंतूंना रान मोकळं! प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी एवढी चाळणी.

"आन् सोनोग्राफी?" ताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ती कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी क्षणभर अडखळले. मग सांगितलं की मोठ्या माणसांत या आजारामागं कधीकधी कॅन्सर लपलेला असतो, म्हणून शोधतात. तुमच्यात आत्ता तरी दिसला नाही. डॉक्टर पुढंही लक्ष ठेवतील. त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटतं, हे आधीच कळायचा त्यांचा हक्क होता.

फवारणीनंच झालं, असं त्यांच्या बाबतीत ठामपणे म्हणता येत नव्हतं. उन्हानं मात्र चट्टे वाढतात, म्हणून रानात जाताना अंगभर कपडे, डोक्याला स्कार्फ. स्टेरॉइड मनानं बंद करायचं नाही. मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी दुसरी गोळी, आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतेल, हे मी दोनदा बजावलं. मालकांनी पेन मागून पाकिटावर 'सोमवार' लिहिलं.

दारापर्यंत गेलेल्या ताई परत वळल्या. "सासूबाईंनी माझं ताट येगळं काढलंय. लेकराला लागतं का हे?"

"नाही लागत. आज घरी गेलात की लेकराला घेऊनच जेवायला बसा."