ठाण्यातल्या शाळेत नववीच्या मुलांना इंटरनेट सेन्सॉरशिप कशी शिकवावी?

पालघरपासून सुरुवात करा. २०१२ मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका तरुणीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं आणि दोघींनाही अटक झाली! हे ऐकलं की गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. त्या अटकेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम) विरुद्ध याचिका झाली आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं.

सरकारला वेबसाइट किंवा अ‍ॅप बंद करू देणारं त्याच कायद्यातलं कलम ६९अ मात्र कायम राहिलं. २०२० मध्ये टिकटॉक त्याच कलमाखाली बंद झालं. एक गेलं, दुसरं का राहिलं, हे मुलांनाच शोधू द्या.

ऑस्ट्रेलियातल्या १६ वर्षांखालच्या सोशल मीडिया बंदीवर वाद घ्या. कृपा करून तुमचं मत आधी सांगू नका, नाहीतर सगळे तेच लिहितील.