ई-कचरा नोंदणी: बिल ऑफ एंट्रीवरचं वजन उचलून टाकू नका

तुमची पोस्ट वाचता वाचता हातातला चहा गार झाला. वागळे इस्टेटला ऑफिस, भिवंडीला गोडाऊन, चीनहून रिचार्जेबल दिवे आणि छोटे पंखे स्वतःच्या ब्रँडने आणता, आता ई-कचऱ्याची नोंदणी करायची आहे, आणि सल्लागार म्हणतोय, "मागच्या वर्षांच्या विक्रीचं वजन बिल ऑफ एंट्रीवरून उचलू, दोन दिवसांत काम होईल." (बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात केलेला माल सोडवताना कस्टमला द्यायचा कागद.) भरू का, असं विचारलंय. हेच वाक्य २०२३ च्या जूनमध्ये माझ्या सल्लागाराने मला ऐकवलं होतं. मी "भरा" म्हणालो आणि आलेला ओटीपी गाडी चालवताना सांगून टाकला. तुम्ही तसं करू नका.

मी तुर्भ्याचा. ब्लूटूथ स्पीकर आणतो, माणसं सहा, त्यात मीच हमालही. कागद कोणते, फी किती यात शिरत नाही, ते तुमच्या सीएला माहीत असतं. फक्त तुमच्या पोस्टखाली दोघांनी लिहिलंय की "आपण कुठे बनवतो, आपण तर आणून विकतो", ते डोक्यातून काढा. या नियमात उत्पादक म्हणजे धुरांडं असलेला कारखानदार नव्हे. ज्याच्या नावाने माल बाजारात उतरतो तो उत्पादक, आणि बाहेरून आणून विकणाराही त्यातच धरलाय. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तेव्हा वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. "आधी कुणी विचारलं नव्हतं" हे म्हणूनच खरं असतं आणि म्हणूनच कामाचं नसतं.

आता वजन. विकलेल्या मालाच्या बदल्यात किती ई-कचऱ्याचं रिसायकलिंग करवून घ्यायची जबाबदारी तुमच्यावर येणार ते नगांवर नाही, वजनावर ठरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर विक्री टनात भरायची असते. बिल ऑफ एंट्रीवर असतं ते ढोबळ वजन, म्हणजे खोका, थर्माकोल, पिशव्या, माहितीपत्रक, बॅटरी, सगळं धरून. आमची चूक लक्षात आल्यावर एका रविवारी मी बायकोचा स्वयंपाकघरातला काटा गोडाऊनवर नेला आणि एक कार्टन फोडला. ४० नग, कार्टन २४.८ किलो, म्हणजे नगामागे ६२० ग्रॅम. एक स्पीकर उघडला, बॅटरी सांभाळून बाहेर काढली (लिथियम आहे, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका) आणि एकेक गोष्ट काट्यावर ठेवली. बॅटरीशिवाय स्पीकर ३५२. चार्जिंगची वायर २२. बॅटरी ४६. खोका, फोम आणि बाहेरच्या कार्टनचा वाटा मिळून २००. म्हणजे ई-कचऱ्याच्या हिशोबात धरायचे ३७४ ग्रॅम, आणि मी भरले होते ६२०. वर्षाला १०,००० नग धरले तर ३.७४ टनांऐवजी ६.२ टन.

बरं, जास्त भरलं म्हणून भागत नाही. बॅटरी ई-कचऱ्याच्या नियमांतून वगळलेली आहे, तिला २०२२ चेच वेगळे बॅटरी नियम आहेत आणि बॅटरी बसवलेला माल आणणाऱ्यालाही तिथे वेगळी नोंदणी लागते. वेष्टनाचं प्लास्टिक तिसऱ्याच नियमांत. मी बॅटरीचं वजन दोन्हीकडे भरून बसलो होतो. तुमच्या दिव्यांत तर बॅटरीच जड असते, तुमचा फुगवटा माझ्यापेक्षा मोठा निघेल.

पण मला सगळ्यात महाग पडली ती ही चूक नव्हे. महाग पडली ती पुढची, आणि ती पूर्णपणे माझी.

आपल्यासारख्या नव्या उत्पादकांचं उद्दिष्ट, म्हणजे वर्षात किती किलो रिसायकल करवून घ्यायचं तो आकडा, दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या टक्केवारीवर येतं, २०२४-२५ साठी ते २० टक्के होतं. वजन फुगल्यामुळे माझं उद्दिष्ट जवळजवळ पाचशे किलोंनी जास्त आलं. उद्दिष्ट भरायला रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची असतात; तेवढी घ्यायला त्या वेळच्या भावाने जेमतेम ११-१२ हजार लागले असते. मी काय केलं? "आकडा चुकीचा आहे, आधी दुरुस्त होऊ दे, मग घेऊ" म्हणून एकही प्रमाणपत्र घेतलं नाही. तत्त्वाचा प्रश्न! अहो, गोडाऊनचं भाडं महिन्याला त्याच्या कितीतरी पट जातं, आणि मी ११ हजारांसाठी तत्त्व कवटाळून बसलो.

मग एका कार्यालयाचे हेलपाटे सुरू झाले. कुठलं, कुणाचं ते लिहीत नाही. पहिल्या खेपेला "ऑनलाइन आहे, इथे काही होत नाही." दुसऱ्या खेपेला "लेखी द्या." लेखी दिलं, आवकचा शिक्का घेतला, विषय लिहिला 'भरलेल्या वजनात दुरुस्ती करण्याबाबत'. पाच आठवडे काहीच नाही. चौथ्या खेपेला एका बाईंनी दया येऊन रजिस्टर उघडलं, तेव्हा कळलं की विषयात 'वजन' दिसलं म्हणून माझा अर्ज वजन-मापं बघणाऱ्या खात्याकडे रवाना झाला होता. जावक क्रमांकासह! तिकडचा माणूस फोनवर हसला आणि म्हणाला, "तुमच्या काट्याला काही झालंय का?" मीही हसलो, दुसरं काय करणार. अर्ज परत यायला अजून तीन आठवडे.

तोवर मार्च संपला, उद्दिष्ट अपुरं राहिलं आणि नोटीस आली. त्यातच आमचा साउंडबारचा पहिला कंटेनर न्हावाशेव्याला लागला. साउंडबार माझ्या नोंदणीत नव्हता. तो वाढवून घ्यायचा अर्ज केला होता, पण जुनं प्रकरण मिटेपर्यंत तो पुढे सरकेना. कस्टमवाल्याने नोंदणीचा कागद मागितला, माझ्याकडे नव्हता, त्यात त्याची चूक नाही. १९ दिवस कंटेनर पडून. डिमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचं भाडं), शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे) आणि सीएचएचे, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटचे, जादा पैसे धरून दोन लाख तीस हजार गेले. दिवाळीचा माल होता असंही नाही, नाहीतर मी आज स्पीकर सोडून वडापाव विकत असतो.

म्हणून माझं मत, आणि यावर कुणाचं दुमत असेल तर असू दे: आकडा चुकला असेल तरी आधी उद्दिष्ट भरून मोकळे व्हा, भांडण नंतर करा. प्रमाणपत्र तयार झालं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षं चालतं. फक्त साठा करून ठेवू म्हणाल तर तसं जमत नाही. चालू वर्षाची जबाबदारी, मागची थकबाकी आणि वर पाच टक्के, एवढंच घेता येतं. आणि पर्यावरण भरपाई, म्हणजे उद्दिष्ट अपुरं राहिल्याबद्दल लागणारे पैसे, भरली की सुटलो असंही नाही, जबाबदारी डोक्यावर राहतेच. एका वर्षात ती पूर्ण केलीत तर भरपाईचे ८५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षात ६०, तिसऱ्यात ३०, त्यापुढे शून्य. मला हे नोटीस आल्यावर कळलं, तुम्ही आधीच वाचताय.

प्रमाणपत्रांबद्दल एक सांगतो. व्हॉट्सअॅपवर "ईपीआर पीडीएफ स्वस्तात" असे मेसेज येतील (ईपीआर म्हणजे उत्पादकावरची हीच जबाबदारी), ब्लॉक करा. जी देवघेव पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरच्या खात्यातून तुमच्या खात्यात दिसते तीच खरी. पूर्वी उत्पादकांच्या वतीने हे काम बघणाऱ्या मधल्या संस्थांना, म्हणजे पीआरओंना, नियमांत स्थान होतं. २०२२ च्या नियमांत नोंदणी चौघांचीच: निर्माता (प्रत्यक्ष माल बनवणारा), उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि रिसायकलर. कुणी स्वतःला पीआरओ म्हणवत असेल तर तो तुमचा दलाल समजा, ढाल समजू नका.

प्रमाणपत्रांच्या भावाबद्दल इथे बरीच चिडचिड दिसते. २०२४ मध्ये सरकारने किलोला किमान २२ रुपये ठरवले, मोठमोठ्या कंपन्या त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मी छोटा आयातदार असूनही मला किमान भाव पटतो. पाच-सहा रुपयांत कुणीही नीट रिसायकलिंग करू शकत नाही, तेवढ्यात फक्त वायरी जाळून तांबं काढता येतं. शीळफाट्याकडून रात्री गाडी काढली असेल तर तो वास तुम्हालाही माहीत असेल. मात्र ज्याचा माल वर्षाला चार टनही नाही त्याला आणि फ्रिज विकणाऱ्याला एकाच पोर्टलवर एकाच रांगेत उभं करणं हा शुद्ध वैताग आहे, हेही तितकंच खरं.

आणखी एक. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत असं नियमातच आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा १० कोटी उलाढाल आणि अडीच कोटी गुंतवणूक झाली आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर आधी वकिलाला गाठा, कारण उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) ट्रेडिंगचं असेल तर नुसतं ते पुढे करून बंदरावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी वकील नाही, सल्लागारही नाही, चटके खाल्लेला दुकानदार आहे. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा माझ्या आकड्यांवर डोळे मिटून सही करू नका. सल्लागाराच्या आकड्यांवर तर मुळीच नाही.

गोडाऊनमध्ये ग्राहकांनी परत केलेले बंद दिवे साठले असतील. हातगाडीवाला भाव चांगला देतो, कबूल, पण ते त्याला देऊ नका. १८० दिवसांच्या आत नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती फाइलला लावा. आम्ही दर तीन महिन्यांनी एक टेम्पो भरतो.

आज संध्याकाळी प्रत्येक मॉडेलचा एक नग फोडा. बॅटरी, वेष्टन आणि उरलेला माल वेगवेगळा काट्यावर ठेवा, काट्याचा आकडा आणि मॉडेल नंबर दोन्ही दिसतील असा फोटो काढा, आणि नगांची संख्या जीएसटीच्या विक्रीशी जुळवा, आयातीशी नाही, कारण न विकलेला माल गोडाऊनमध्येच असतो. माझा एक्सेलचा तक्ता हवा असेल तर निरोप टाका. शनिवारी दुपारनंतर पाठवतो, तोवर एक कंटेनर उतरवायचा आहे. आणि हो, ओटीपी मागायला सल्लागाराचा फोन आला तर आधी स्क्रीनचा फोटो मागवा.