वस्तूमुळे माणसाचं खरंच भलं होतं का, हे कसं ओळखायचं?

एखादी वस्तू माणसाचं भलं करते की नुसती खपवली जाते, हे ठरवायला काही पक्का मापदंड आहे का, असं तुम्ही विचारलंय. पक्का असा नाही. पण याच प्रश्नावरून माझं आणि दादाचं दोन वर्षं वाजलंय, म्हणून लिहितोय.

बाबांना ऐकू कमी यायला लागलं होतं. कबूल करायचे नाहीत, पण घरात सगळे हसले की ते आधी आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे, जरासं उशिरा. मला ते बघवायचं नाही. मी म्हटलं कानाचं मशीन घेऊया, तर दादा म्हणाला कशाला, लोक म्हातारा म्हणतील त्यांना, आणि वाढदिवसाला पावलं मोजणारं स्मार्टवॉच घेऊन आला, का तर तब्येतीसाठी. मग काय, रात्री अकराला बाबा पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतायत, गुडघा दुखतोय तरी, कारण दहा हजाराला चारशे पावलं कमी पडली. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. आधी विक्रीचं नाव, अभ्यासबिभ्यास नंतर. दादाला हे सांगितलं तर म्हणे तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

शेवटी मशीन मीच घेतलं. पहिल्या दिवशी बाबांनी पेपर उलगडला, थांबले, परत घडी घातली, परत उलगडला, आणि म्हणाले, "हा एवढा वाजतो?" त्याच आठवड्यात माझ्या मुलीने त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजलं आणि दोघं एकदमच हसले. काय ते मला अजून सांगितलेलं नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८५ मध्ये सायकलचं उदाहरण देऊन हेच मांडलंय. सायकल घरात असणं वेगळं, ती चालवून हवं तिथे जाता येणं वेगळं. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्याकडे तीच सायकल नुसती उभी राहते. तेव्हा वस्तूत काय काय आहे ते बघू नका, ती आल्यावर त्या माणसाला आधी न जमणारं काय जमायला लागलं ते बघा, आणि तेही सहा महिन्यांनी. स्टार आणि रिव्ह्यू बघून तर अजिबात ठरवू नका, लोक ते खोकं उघडल्या उघडल्या लिहितात.

हां, मशीन सगळ्यांना मानवतं असं नाही हेही सांगतो. गर्दीत नको ते आवाजही मोठे होतात, नीट बसलं नाही तर शिट्टी वाजते, सेटिंगसाठी आम्हीच चार खेपा घातल्या, आणि कितीतरी जणांचं कपाटात पडून असतं. वॉचमुळे कुणाला चालायची सवय लागली असेल तर चांगलंच आहे, मी वस्तूच्या विरोधात नाही. पण "तब्येतीसाठी" म्हणून आणलेली वस्तू बाबांना काय हवंय हे न विचारता आणली होती, आणि मी दोन वर्षं तेच म्हणतोय.

दादा, वाचत असशील तर, ते वॉच आठ महिने बंद आहे, चार्जर कुठेय कुणालाच माहीत नाही. आणि परवा बाबा कानात मशीन तसंच ठेवून आंघोळीला निघाले होते, मी दारात अडवलं.