दोघांसाठी सुट्या पानांचा चहा करायचा तर टीपॉट किती मोठा घ्यावा?

४०० मिलीचा घ्या.

तुम्ही लिहिलंय की घरात दोघंच आहात, दुकानात ४००, ८०० आणि १२०० मिलीचे पॉट आहेत आणि घरचे म्हणतात, 'मोठाच घ्या, पाहुणे आले तर उपयोगी पडेल.' हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो.

आमच्या इंदिरानगरच्या घराच्या वास्तुशांतीला माझ्या थोरल्या भावाने अगदी हेच म्हणत सव्वा लिटरचा चिनी मातीचा टीपॉट दिला. देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मी पितो दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या तोडणीचा चहा. माझ्या छोट्या पॉटमधून दोन कप निघतात आणि पॉट रिकामा होतो. थंडीत एका सकाळी दादा-वहिनी पंचवटीहून आले. दादाचा हट्ट, 'मी दिलेला पॉट काढ.' काढला, काठोकाठ भरला. चौघांना एकेक कप ओतला तरी निम्म्याहून जास्त चहा आत पानांवरच राहिला. दादा बोलायला बसला की गंगापूर धरणाच्या पाण्यापासून द्राक्षांच्या भावापर्यंत सगळं येतं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच दुसरा कप ओतून घेतला. काळपट, कोमट, जीभ आवळणारा. 'एवढा महागाचा चहा आणि लागतो काढ्यासारखा!' तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात तो हे चारचौघांत सांगतो. मला ते लागतं, कारण पहिल्या कपाला त्यानेच वा म्हटलं होतं. पानं तीच होती.

पानं गरम पाण्यात आहेत तोवर त्यांतला तुरटपणा उतरतच राहतो. तीन-चार मिनिटांत हवा तो स्वाद आलेला असतो, पुढे नुसता कडवटपणा वाढतो. म्हणून पॉट एका दमात रिकामा होईल एवढाच हवा. मोठा पॉट अर्धाच भरू म्हणाल, तर त्याचं जाड थंड अंग पाण्याची ऊब खाऊन टाकतं, आणि आतलं गाळणं आखूड असलं तर पानं पाण्यापर्यंत पोचतही नाहीत.

चहा चाखणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं. त्यात १०० मिलीला २ ग्रॅम पानं आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे, आणि पॉट सुमारे ३१० किंवा १५० मिलीचा. चीनमधल्या यिशिंगच्या मातीचे पॉटही बरेचसे शे-दोनशे मिलीचेच असतात. ज्यांचा धंदाच चहाचा आहे ते मोठ्या भांड्याच्या मागे लागत नाहीत, मग आपणच का लागायचं?

आधी घरातला कप मोजा. आपले बशीवाले कप साधारण १५० मिलीचे, दोन कप म्हणजे ३००. पानं फुगतात, पाणी धरून ठेवतात, शिवाय पॉट काठापर्यंत भरायचा नसतो. म्हणून ४००. मानकातलं प्रमाण चाखणाऱ्यांसाठी आहे, ते कडक होतं. रोजच्या पिण्याला १५० मिलीला २ ते अडीच ग्रॅम पुरे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काळ्या चहाला ते तसंच ओता, थर्मामीटरच्या नादी लागू नका.

आता, तुम्ही मोठे मग वापरत असाल तर माझा हिशेब चुकेल, ८०० चा बघा. गाळणं पानांसकट बाहेर काढता येत असेल तर मोठा पॉटही चालतो, पण मग ते वेळेवर काढायला हवं. आणि दूध घालून उकळलेला चहा करत असाल तर टीपॉटच नको, पातेलं बरं.

पाहुण्यांचं म्हणाल तर छोट्या पॉटमध्ये दुसऱ्यांदा चहा करायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाहुणे थांबतात. दादाला हेच सांगतो, तो म्हणतो घरात मोठं भांडं असावं. आहे की, वरच्या फळीवर. रोज ओट्यावर मात्र छोटाच असतो.