पोलिसांना फोन केला तर मलाच परत पाठवतील का?

"ताई, मी पोलिसांना बोलावलं तर ते आधी मलाच भारतात पाठवतील ना?" न्यू जर्सीत घरात मार खाणाऱ्या आपल्याकडच्या बायकांशी बोलताना हा प्रश्न मी सतत ऐकते. किती लागलंय, कुठे लागलंय हे नंतर येतं, आधी व्हिसा येतो. म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. तिला इथे रेवती म्हणू. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

रेवती सांगलीकडची, बी. फार्म. झालेली. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आयटीत, ती एच-४ वर, म्हणजे त्याची डिपेंडंट. चार वर्षांचा मुलगा इथेच जन्मलेला. तिच्या नावावर बँकेत खातं नव्हतं, पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि फोन फॅमिली प्लॅनवर, त्यामुळे कुठे किती मिनिटं बोलली ते त्याला घरबसल्या दिसायचं. मारहाण दुसऱ्या वर्षापासून सुरू झाली. प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं: "एक मेल टाकली की तुझा व्हिसा कॅन्सल. पोरगं अमेरिकन आहे, ते माझ्याकडेच राहील."

मुलाच्या प्रीस्कूलमधल्या बाईंना तिचा बसलेला आवाज खटकला. त्यांनी ऑफिसातला फोन तिच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. रेवती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती त्या फोनवरून. "थंडीमुळे घसा बसलाय" म्हणाली. मी विचारलं, गळा दाबला होता का? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण खूण काहीच नाहीये."

इथे थांबून सांगते, कारण हे फार जणींना माहीत नसतं. गळा दाबल्यावर बाहेरून काहीच न दिसणं अगदी शक्य आहे. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं, ही सगळी धोक्याची लक्षणं आहेत, आणि आतली इजा काही तासांनी किंवा दिवसांनीही जिवावर बेतू शकते. त्या दिवशी मी तिच्याशी व्हिसाचा एक शब्दही बोलले नाही. आधी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि डॉक्टरांना "गळा दाबला" हे स्पष्ट शब्दांत सांग, एवढंच सांगितलं. ती गेली. डॉक्टरांनी जे लिहून ठेवलं, ते पुढे तिच्या कामाला आलं.

दुसऱ्या भेटीत व्हिसा. मी वकील नाही, हे मी प्रत्येकीला आधीच सांगते. अर्ज इमिग्रेशनच्या वकिलाने तपासल्याशिवाय जाऊ नये. पण भीतीची गाठ सोडवायला काही गोष्टी मला ठाऊक असाव्याच लागतात. नवऱ्याच्या एका मेलने बायकोचा एच-४ रद्द होत नाही. लग्न कायद्याने टिकून आहे आणि त्याचा एच-१बी चालू आहे, तोवर तिचा दर्जा टिकतो. ती वेगळी राहायला गेली, तिने तक्रार केली, एवढ्याने तो जात नाही. जातो तो घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर. म्हणून नवरा "गावाकडे जाऊन म्युच्युअल डिव्होर्स करून टाकू" म्हणत असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये.

पोलिसांचं म्हणाल, तर न्यू जर्सीत १९९१ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा आहे. अंगावर इजेच्या खुणा दिसल्या तर मारणाऱ्याला अटक करणं पोलिसांना भाग असतं. तात्पुरता संरक्षण आदेश, इथल्या भाषेत टीआरओ, रात्री-अपरात्रीही पोलीस ठाण्यातून मिळू शकतो, आणि साधारण दहा दिवसांत पक्क्या आदेशाची सुनावणी लागते. त्यासाठी नागरिक असण्याची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. रेवतीला टीआरओ मिळाला. घर सोडावं लागलं ते नवऱ्याला.

पण अटक झाली की त्याची नोकरी धोक्यात, नोकरी गेली की एच-१बी गेला, आणि त्यामागोमाग तिचा एच-४. ही भीती खोटी नाही आणि मी तिला ती खोटी म्हणाले नाही. अशा बाईसाठी वेगळी वाट असावी लागते, आणि ती आहे.

नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता, तर 'व्हावा' (VAWA) या स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली त्याला न सांगता तिला ग्रीन कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता आला असता. एच-१बी वाल्याच्या बायकोला ते दार बंद. पण छळ सोसणाऱ्या एच-४ बायकांना आय-७६५ व्ही हा फॉर्म भरून स्वतःच्या नावावर वर्क परमिट मागता येतं. छळ म्हणजे फक्त मार नव्हे. कोंडून ठेवणं, धमक्या, पैशांची नाकेबंदी हेही त्यात धरतात. त्याने ग्रीन कार्ड मिळत नाही, पण पगार मिळतो, आणि पगाराशिवाय बाई त्याच घरात परत जाते, हे मी पाहिलेलं आहे.

दुसरी वाट यू व्हिसाची. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकन संसदेने गंभीर गुन्ह्यांना बळी पडलेल्या परदेशी लोकांसाठी तो आणला. बळी पडलेला माणूस हद्दपारीच्या भीतीने गप्प बसला तर गुन्हेगार मोकाट सुटतो, हे त्यामागचं कारण. घरातला हिंसाचार, बलात्कार, जबर मारहाण, खंडणी, अपहरण, पाठलाग, वेठबिगारी असे गुन्हे त्यात येतात. गुन्ह्याने शरीराला किंवा मनाला मोठी इजा झालेली हवी आणि तपासाला मदत केलेली हवी. आरोपीला शिक्षा व्हायलाच हवी असं नाही. त्यासाठीच्या आय-९१८ फॉर्मला फी नाही, पण त्याची सप्लिमेंट बी नावाची पुरवणी पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश अशा अधिकाऱ्याने सही करून द्यावी लागते. सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला पाहिजे. सही द्यायचीच असं बंधन केंद्रीय कायद्याने घातलेलं नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून तक्रारीचा क्रमांक, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि कोर्टाच्या तारखा लिहून ठेवायच्या.

कागद जमवताना पासपोर्टवर अडलं. नवऱ्याचं ऑफिस, बंद ड्रॉवर. मग रेवतीला आठवलं, लग्नानंतर तिकीट काढायला तिने धाकट्या भावाला पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. भावाने जुनं चॅट उपसून तो शोधला. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर त्यातल्या पासपोर्ट नंबरावरून तिने स्वतःचा आय-९४ काढला. ती कुठल्या तारखेला, कुठल्या दर्जाने देशात आली हे सांगणारा एक साधा कागद. प्रिंट हातात घेऊन तिने त्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं. तुमच्यापैकी जिला शक्य असेल तिने आजच पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला आणि मुलांच्या जन्मदाखल्यांचे फोटो माहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवावेत, आणि स्वतःच्या फोनवरून पुसावेत.

"त्याला कळलं तर?" हा तिचा पुढचा प्रश्न. या अर्जांची माहिती छळणाऱ्याला देण्याची इमिग्रेशन खात्याला कायद्याने मनाई आहे. नुसत्या त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही. पत्रव्यवहाराला दुसरा सुरक्षित पत्ता देता येतो.

यू व्हिसाला वेळ किती लागतो, हे मी कधीच गोड करून सांगत नाही. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी फक्त १०,००० जागा, आणि रांग कित्येक वर्षांची. अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटला तर रांगेत असतानाच वर्क परमिट आणि हद्दपारीपासून तात्पुरतं अभय देण्याची पद्धत २०२१ मध्ये सुरू झाली. व्हिसा मिळाला की चार वर्षांचा, आणि त्यावर सलग तीन वर्षं राहिल्यावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. उलट अर्ज फेटाळला गेला, तर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून एजंटाकडून, ओळखीच्या काकांकडून फॉर्म भरून घेऊ नका.

तिची आई फोनवर रडत म्हणाली, "मरू दे तो व्हिसा, तू पोराला घेऊन निघून ये." आईचं चुकत नव्हतं. पण नवऱ्याच्या किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेलं, तर अपहरणाचा आळ तिच्यावरच येऊ शकतो. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे इथली कोर्टं अशा बाबतीत आणखी सावध असतात. मी आईंना म्हटलं, तिला परत यायचं असेल तर जरूर येईल, पण आधी मुलाच्या ताब्याचा हुकूम हातात असू दे. यू व्हिसाचा अर्ज भारतातूनही करता येतो, हेही त्यांना सांगितलं. वर्क परमिटच्या आय-७६५ व्ही फॉर्मसाठी मात्र इथे राहावं लागतं.

ओळखीतल्या काहींनी तिला तोंडावर ऐकवलं, "ग्रीन कार्डासाठी केस केलीस." मला याचा संताप येतो. यू व्हिसाचे खोटे दावे होतात, हे खरं आहे. मार्च २०२३ पासून वेगवेगळ्या दुकानांत लुटुपुटीचे दरोडे घालून काउंटरवरच्या माणसांना 'बळी' ठरवल्याबद्दल मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात खटला उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये दोघांना अटक झाली, आणि एका 'बळी'ने त्यासाठी २०,००० डॉलर मोजल्याचा आरोप होता. त्या लोकांनी रेवतीसारख्यांचा रस्ता अवघड केला. पण जिचा गळा खरोखर आवळला गेला, तिने त्यांच्यामुळे गप्प का बसायचं?

रेवतीला पक्का संरक्षण आदेश मिळाला. वर्क परमिट यायला बरेच महिने लागले, तोवर ती त्या घरात न राहता आधी आसरागृहात, मग मुलाला घेऊन एका खोलीत राहिली. आता एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन आहे. यू चा अर्ज रांगेत आहे, घटस्फोटाची तारीख कशी धरायची ते तिची वकील बघते. अजूनही अनोळखी गाडी दारात थांबली की तिची छाती धडधडते, आणि त्यासाठी ती माझ्याकडे येते.

जिला हे स्वतःचं वाटतंय तिच्यासाठी: जिवावर बेतलं असेल तर ९११. नुसतं बोलायचं असेल तर १-८००-७९९-७२३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फुकट आहे. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. न्यूयॉर्कमध्ये 'सखी', शिकागोत 'अपना घर', कॅलिफोर्नियाच्या बे एरियात 'मैत्री' आणि 'नारिका'. फोन घरच्या मोबाइलवरून करू नका. लायब्ररी, मुलाची शाळा, डॉक्टरांचा दवाखाना, कुठूनही करा. इंग्रजी अडत असेल तर "मराठी" एवढंच म्हणा आणि दुभाषी मागा.