घाटकोपरला उतरू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझे रिपोर्ट पाहिले. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन जरासं कमी. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं आणि तेव्हापासून तू धुमसतेयस, हे तुझ्या आईकडून कळलं. तुझा राग मला पटतो. हृदयाला काही झालेलं नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर, पण तुला काही झालंच नाही असं कसं म्हणायचं? झाला तो पॅनिक अटॅक, आणि त्या पंधरा मिनिटांत शरीरात काय काय घडलं हे कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. ते मी सांगते. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो मावशी, हो मावशी’ केलं असतंस आणि रात्री पुन्हा गूगल करत बसली असतीस.

तू लिहिलंस तेच आधी घेते. सकाळची फास्ट, लेडीज डबा, ठाणं सुटलं आणि गर्दीत खाली अडकलेला हात वर काढता येईना. मग छातीत धडधड, घसा आवळल्यासारखा, बोटांना मुंग्या, ओठ बधिर. समोरच्या बाईच्या केसांतल्या क्लिपचे खडे एकदम लांब गेल्यासारखे दिसायला लागले आणि वाटलं, आता मी इथेच मरणार, नाहीतर वेड्यासारखी किंचाळणार. घाटकोपरला कशीबशी उतरलीस, बाकावर बसलीस, आणि थोड्या वेळात हळूहळू सगळं ओसरलं.

धोका जाणवला की मेंदू शहानिशा करत बसत नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात पळतं, रक्त मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं म्हणून मळमळतं, अंग तापू नये म्हणून घाम फुटतो. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये हे नीट मांडलं: लढायची किंवा पळायची तयारी. तुझं शरीर पळायला सज्ज झालं होतं आणि डब्यात पाय हलवायला जागा नव्हती. बाकी यंत्रणा चोख चालली होती, फक्त तिला वर्दी चुकीची मिळाली होती.

आता श्वास. तुला वाटलं हवा पुरत नाहीये. कॅज्युअल्टीच्या कागदावर ऑक्सिजन ९९ लिहिलाय, बघ. हवा कमी पडली नव्हती, तू ती गरजेपेक्षा जास्त घेत होतीस. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे गरगरतं आणि सगळं खोटं, लांबचं वाटतं. क्लिपच्या खड्यांचं कारण हेच. रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोलही ढळतो, त्याने मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. त्रास खरा असतो, इजा होत नाही.

‘गर्दीत बेशुद्ध पडले तर?’ असं तू दोनदा लिहिलंयस. बेशुद्ध पडायला बीपी घसरावं लागतं, आणि अटॅकमध्ये ते सहसा चढतं. तुझं १५० होतं. रक्त किंवा सुई पाहून कोसळणारे लोक असतात, पण त्यांची गोष्ट वेगळी.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये या चक्राचं वर्णन केलं. आधी एखादी साधी संवेदना येते, समजा धडधड. मग तिचा भयंकर अर्थ लावला जातो: हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड म्हणजे जणू पुरावाच सापडला. हे चक्र इतकं वेगात फिरतं की मधला अर्थ लावणारा टप्पा आपल्या लक्षातच येत नाही. उपचार नेमका त्या टप्प्यावर करायचा असतो.

पहिल्या अटॅकबद्दल इतकं पुरे. मला जास्त काळजी त्यानंतर तू केलेल्या बंदोबस्ताची आहे. फास्ट सोडून स्लो. डब्यात दारालगतच उभं राहणं. पर्समध्ये पाण्याची बाटली, पेपरमिंट आणि शेजारच्या काकूंनी दिलेली ‘झोपेची अर्धी गोळी’. कुर्ला येईपर्यंत आईशी फोनवर बोलणं. घड्याळात दर दोन मिनिटांनी पल्स बघणं. गेल्या आठवड्यात तर दोन दिवस घरूनच काम. हे सगळं शहाणपणाचं वाटतं, आणि त्या दिवसापुरता आरामही पडतो. पण प्रत्येक वेळी मेंदूकडे निरोप जातो की धोका खरा होता, बाटली होती म्हणून वाचलो. कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरने १८७१ मध्ये बर्लिनच्या मोकळ्या चौकांतून चालता न येणाऱ्या माणसांविषयी लिहिलं. सोबत कुणी असलं की त्यांना चौक ओलांडता यायचा. तुझी आई फोनवर असते, तेच. सोबत मिळाली म्हणून त्यांची भीती गेली नाही, सोबतीची गरज तेवढी पक्की झाली.

म्हणून माझं सांगणं एकच आहे आणि ते तुला आवडणार नाही. अटॅक थांबवायचा प्रयत्न सोड. तो येणार असेल तर येऊ दे, आणि घाटकोपरला उतरू नकोस. गल्लीतल्या कुत्र्यासमोर पळालं की ते मागे लागतं, हे तुला मी सांगायला नको.

गाडीत चालू झालाच तर काय करायचं? मनात स्पष्ट म्हणायचं, ‘हा पॅनिक आहे, याआधी येऊन गेलाय.’ खांदे कानाला टेकलेले असतात ते खाली सोडायचे. श्वास सोडताना लांबवायचा, घेताना भरभरून घ्यायचा नाही. पाय फरशीवर कसे टेकलेत, हातात कडी कशी लागतेय, शेजारच्या बायका भाजी निवडता निवडता काय बोलताहेत, तिकडे लक्ष जाऊ दे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते घातक ठरू शकतं. अटॅकचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो, मग शरीरच त्याला उतरवायला लागतं. उरतो तो थरथराट आणि थकवा. एक सावधगिरी: ‘लांब श्वास सोडला म्हणून वाचले’ असं वाटायला लागलं तर श्वासाचीही बाटली झाली म्हणून समज. एखाद्या फेरीला तोही मुद्दाम करू नकोस.

सुरुवात एकदम ऑफिसच्या वेळेच्या फास्टपासून करू नये. रविवारी दुपारी स्लो पकड, डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. उतरून परत ये. हे कंटाळा येईपर्यंत कर, कंटाळा आपला दोस्त आहे. मग ठाण्यापर्यंत. मग दादर, पण दारापासून आत, सीटांच्या मधल्या जागेत. फोन पर्समध्ये. त्यानंतर बाटली घरी ठेवून. घड्याळ काढून ठेवायला तुला सर्वात जड जाईल, असा माझा अंदाज आहे. मग कमी गर्दीची फास्ट, आणि सरतेशेवटी तुझी नेहमीची. प्रत्येक फेरीआधी वहीत एक ओळ लिही, आज काय होईल अशी भीती वाटतेय ते. परतल्यावर त्याखाली काय झालं ते. महिनाभराने ती वही माझ्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त पटवून देईल.

घरीही सराव करता येतो, आणि तुझे रिपोर्ट स्वच्छ आहेत म्हणून सांगते. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर फीर. जिना दोनदा धावत चढ. बारीक स्ट्रॉतून थोडा वेळ श्वास घे. चक्कर, धडधड, दम लागणं हे सगळं मुद्दाम ओढवून घ्यायचं आणि नुसतं बसून राहायचं. आईला विचित्र वाटेल. मांजरसुद्धा बघेल. या संवेदना येतात, जातात आणि त्यातून पुढे काही निघत नाही, हे शरीराला वाचून कळत नाही, करूनच कळतं.

आजीने दृष्ट काढली म्हणून तू वैतागलीस, पण तिला काढू दे, मीठ-मोहरीने कुणाचं काही बिघडलेलं नाही. आणि संध्याकाळी ती एका लयीत स्तोत्र म्हणते ना, तिच्या शेजारी बसून म्हणत जा. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर ते मिनिटाला सहाच्या आसपास उतरले होते. देवावर विश्वास असो-नसो, लय आपलं काम करते. फक्त ते रोजच्या वेळेला म्हण, अटॅकवरचा उतारा म्हणून नको.

आता ती अर्धी गोळी. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मला पाठव, पण माझी खात्री आहे की ती अल्प्राझोलाम असणार. ती पटकन काम करते, हाच तिचा घोळ. सवय लागते, डोस वाढत जातो, आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर त्रास दामदुपटीने परत येतो. ती शेड्यूल एच-वन मध्ये आहे, म्हणजे केमिस्टने चिठ्ठी बघून, नोंदवहीत लिहूनच द्यायची असते. काकूंच्या डब्यातून ती तुझ्या पर्समध्ये येणं मला अजिबात मान्य नाही. औषधच लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं काही देतील. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिले काही दिवस उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं, आणि बंद करायचं तेही डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू. ते घेण्यात कमीपणा काही नाही. माझं मत विचारशील तर आधी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत, शिकलेल्या थेरपिस्टकडे जा. गाडीत चढण्याचा कार्यक्रम कुणाच्या तरी देखरेखीखाली झाला तर मधेच सुटत नाही. आठ-दहा आठवड्यांत फरक दिसला नाही किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं, तर औषधाचा विचार लांबवू नकोस.

हे वाचून प्रत्येक धडधड पॅनिकच्या खात्यात टाकू नकोस मात्र. चालताना, जिना चढताना छातीत दुखून थांबल्यावर कमी होणं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणं, खरोखर शुद्ध हरपणं, बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी धडधड, यातलं काही झालं तर सरळ डॉक्टर गाठ. आणि रात्री-अपरात्री जगणं नकोसं वाटलं तर मला उठव. माझा फोन लागला नाही तर १४४१६, टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आईशी मी बोलेन. ‘जास्त विचार करू नकोस’ हे तिचं वाक्य प्रेमाचं आहे, पण त्याने आजवर कुणाचे विचार थांबलेले मी पाहिले नाहीत. कुर्ल्यापर्यंतचा फोन बंद करणं तुझ्यापेक्षा तिलाच अवघड जाणार आहे. पहिले काही दिवस ती घरात येरझारा घालेल. घालू दे. तू ऑफिसला पोचल्यावर एक मेसेज टाक, मधे काही नाही.

कोपरच्या फेरीनंतर वहीतल्या दोन ओळींचा फोटो पाठव. अक्षर कसंही चालेल.

तुझी,
मावशी

ता. क. कॉफीचं राहिलंच. ऑफिसच्या मशीनमधली दिवसाला चार कप हा काय प्रकार आहे? कॅफिनने धडधड वाढते, आणि ज्यांना पॅनिकचा त्रास आहे त्यांना नुसत्या कॅफिननेही अटॅक येऊ शकतो. एकदम सोडलीस तर डोकं दुखेल, म्हणून आठवड्याला एक कप कमी कर. सकाळचा घरचा चहा ठेव, तो मी कुणाचाच काढत नाही.